तीन नंबरच्या घंटेची चूक

पाच हजार चाळीस हा आकडा मला आवडतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी चिडणार आहे ती आकड्यावर नाही हे लक्षात राहील. एकापासून दहापर्यंत कशानेही भागा, बाकी उरत नाही. बाराने भागा, तरी नाही. अकराशी त्याचं जमत नाही, दोन उरतात; पण अकराशी तसं कुणाचंच फारसं जमत नाही. सात घंटा किती वेगवेगळ्या क्रमांनी वाजवता येतील, या प्रश्नाचं हे उत्तर. सात गुणिले सहा गुणिले पाच, असं करत एकापर्यंत खाली या. इंग्लंडमधल्या आमच्या ऑसिंगफील्ड गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आमच्याकडे चर्चच्या घंटांवर गाणी वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. सात घंटा एकामागून एक, आठवी मोठी घंटा दर ओळीच्या शेवटी. पुढच्या ओळीत क्रम थोडा बदलायचा, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी थोडा. असे पाच हजार चाळीसच्या पाच हजार चाळीस क्रम, प्रत्येक एकदाच, आणि शेवटी पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात. तीन तास लागतात. प्रत्येक घंटेच्या दोराला एक माणूस; या तीन तासांत त्याने दोर सोडायचा नाही आणि कागदात बघायचं नाही. याला आम्ही पील म्हणतो. एक ओळ जरी दोनदा वाजली, तरी पील खोटी. थोडीशी खोटी, जवळजवळ खरी, असला प्रकार आमच्यात नाही. गंमत अशी की एक ओळ दुबार आली तर दुसरी कुठली तरी राहून गेलेली असते, त्यामुळे एकूण मोजदाद बरोबरच भरते. नुसतं मोजणाऱ्याला खोटेपणा सापडत नाही. वाचावं लागतं.

मी थर्झा बॉरेट. एकोणीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते. दुबार आलेली ओळ पकडणं हे माझं पोट आहे.

आता अ‍ॅम्ब्रोज केरिज. गावचा सुतार, खुर्च्यांपासून शवपेट्यांपर्यंत सगळं करणारा, आणि चाळीस वर्षं मनोऱ्यात घंटा वाजवणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. मी अकरा वर्षं त्याच्याकडे दोर मागितला. दर वर्षी एकच उत्तर: "बाईमाणसाला मोजणी झेपत नाही." शेजारच्या तीन गावांत बायका वाजवायच्या, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. वर टांगलेल्या आठही घंटांना हे लोक लाडाने 'ती' म्हणतात, तिची मर्जी सांभाळतात, तिच्या आजारपणाच्या गोष्टी सांगतात. फक्त खाली दोराला 'ती' नको. मग टेड गॅरडला हर्निया झाला आणि तीन नंबरचा दोर रिकामा पडला. सात जणांत काही होत नाही असं दिसल्यावर अ‍ॅम्ब्रोज माझ्या दारात आला.

"तात्पुरती हं, पोरी," तो म्हणाला. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते.

वर्षभरात मी त्याला बोलायला जागा ठेवली नाही. आणि एकोणीसशे चोपन्नच्या मे महिन्यात, पंधरा तारखेला, शनिवारी दुपारी, आम्ही गावच्याच आठ जणांनी पील वाजवली. त्या मनोऱ्यात गावकऱ्यांची अशी ती पहिलीच. मांडणी अ‍ॅम्ब्रोजची स्वतःची होती. मांडणी म्हणजे म्होरक्याने कुठे कुठे हाक द्यायची त्याचा आराखडा. हाक आली की क्रम नवं वळण घेतो. चार हिवाळे खपून त्याने ती केली होती आणि सगळ्या हाका तोंडपाठ दिल्या. शेवटची एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात आली तेव्हा माझ्या तळहातांची सालं निघाली होती आणि मी रडत होते. खाली पाद्रीबुवांनी बिअरचा घडा आणि पोर्क भरलेली पेस्ट्री मांडून ठेवली होती. अ‍ॅम्ब्रोजने पहिला पेला मला दिला. मनोऱ्याच्या भिंतीवर पाटी लागणार होती, सोनेरी अक्षरांची, आणि तिच्यावर तिसऱ्या ओळीत माझं नाव येणार होतं. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

घंटावाल्यांचं एक साप्ताहिक निघतं. त्यात आमची पील छापून आली: गाव, तारीख, दोन तास अठ्ठावन्न मिनिटं, आणि खाली आठ नावं, प्रत्येकापुढे घंटेचा नंबर. मांडणी: अ. केरिज. आनंदाच्या भरात मी अ‍ॅम्ब्रोजकडून मांडणीचा कागद मागून घेतला. मला ती अख्खी माझ्या हाताने लिहून काढायची होती, जशी लोक लग्नाची पत्रिका जपून ठेवतात तशी ठेवायला. भिंतीच्या कागदाखाली चिकटवतात त्या अस्तराच्या कागदाची गुंडाळी आणली आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर लिहीत बसले.

या वादनाचं असं असतं की चौदा ओळींचं एक कडवं होतं, आणि तीनशे साठ कडव्यांची पील. कडव्याची पहिली ओळ ठरली की उरलेल्या तेरा तिच्यामागून मुकाट येतात. नवव्या सकाळी मी दोनशे सत्त्याऐंशीव्या कडव्यावर आले. तिसरी ओळ लिहिली: दोन पाच सात एक तीन सहा चार. आणि हात थांबला. ही ओळ मी लिहिली होती. मागे गेले. पंचाण्णवावं कडवं, तिसरी ओळ: दोन पाच सात एक तीन सहा चार. चौदाच्या चौदा ओळी तशाच. म्हणजे चौदा ओळी दोनदा वाजल्या होत्या आणि दुसऱ्या चौदा वाजल्याच नव्हत्या.

त्या दिवशी मी कामावर उशिरा गेले. गप्प बसावं असं मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण रोज दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवायची आणि स्वतःच्या नावाची वेळ आली की पेन्सिल खिशात घालायची, हे मला जमलं नसतं.

संध्याकाळी अ‍ॅम्ब्रोजच्या कारखान्यात गेले. तो पाटीवर वाकून सोनेरी रंग भरत होता. '३. थर्झा बॉ' इथपर्यंत आला होता.

"मिस्टर केरिज, मांडणी खोटी आहे," मी म्हणाले.

"छापखान्यात सध्या काम कमी दिसतंय," तो मान वर न करता म्हणाला.

"पंचाण्णवावं कडवं आणि दोनशे सत्त्याऐंशीवं कडवं एकच आहे. कागद आणलाय. तुम्हीच बघा."

त्याने कुंचला न ठेवताच कागद घेतला. आधी पटकन वाचलं, मग बोट ठेवून वाचलं, मग ओठ हलवत. कुंचल्यावरचा रंग वाळला. बाहेर त्याची बायको कोंबड्यांना हाका मारत होती, त्या दोनदा ऐकू आल्या.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणाला नाही."

"बरं केलंस. पत्र मी लिहितो. पील मागे घ्यायची तर पत्र म्होरक्यानेच लिहायचं असतं."

ही आमची रीत आहे आणि मला ती फार बरी वाटते. कुणी पकडो, न पकडो, चूक कळली की म्होरक्या आपल्या सहीने जगाला सांगतो. परत येताना मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. तो आदर पुढे पंधरा दिवससुद्धा टिकला नाही.

साप्ताहिकाचा अंक आला तेव्हा मी छापखान्यात चहाच्या सुट्टीत होते. कोपऱ्यात चार ओळी होत्या. ऑसिंगफील्ड येथे पंधरा मे रोजी वाजवलेली पील मागे घेण्यात येत आहे. वादनाच्या ओघात तीन नंबरच्या घंटेने पाच नंबरच्या घंटेशी जागा बदलली व ते वेळीच ध्यानात आले नाही. अ. केरिज.

मी ते तीनदा वाचलं. माझा धंदाच वाचण्याचा, तरी तीनदा. माझं नाव त्याने घेतलं नव्हतं, घ्यायची गरजच नव्हती. दोन अंक आधी आठ जणांची नावं नंबरासकट छापून आली होती. इंग्लंडमधल्या प्रत्येक मनोऱ्यातल्या प्रत्येक माणसाला आता कळलं होतं की ऑसिंगफील्डची पहिली पील थर्झा बॉरेट नावाच्या बाईने घालवली. चार हिवाळे घालून चूक याने करायची आणि खापर माझ्या डोक्यावर फोडायचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर नाच पुरा झाल्यावर अंगणाला दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत दोघी बोलत होत्या, मी आत गेले तशा जवळ सरकल्या. मग त्यातली एक मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली, "तीन तास उभं राहायचं म्हणजे बाईमाणसाला जडच की." मी पाव घेतला नाही. तिथून थेट पर्सी लिंगच्या दुकानात गेले. पर्सी खाटीक, आठव्या घंटेवरचा, मनोऱ्यातला त्यातल्या त्यात माझा मित्र.

"सॉसेज देऊ का? आज फार छान झालेत," तो म्हणाला.

"पर्सी, माझी जागा चुकली होती का?"

त्याने सुरी उगाच पुसली. "मी आपला मोठ्या घंटेवर. सगळ्यांच्या शेवटी एक ठोका मारायचा. पुढे कोण कुणाच्या मागे जातंय, मला काय कळतंय?"

"तीस वर्षं ठोके मारतोयस. तुला कळत नाही?"

"अगं, म्हातारा आहे तो. ह्या एका पाटीसाठी जगला. आता गावात तोंड दाखवायचंय त्याला."

"आणि मी काय, बुरखा घालून हिंडू?"

"तसं नाही गं. पण तुझं काय जातंय? तू नवीन. नव्या माणसाकडून चुका व्हायच्याच."

हे मला सगळ्यात जास्त लागलं. अ‍ॅम्ब्रोज निदान घाबरून खोटं बोलला होता. हा माझा मित्र सॉसेज पुढे करत, काही न घाबरता म्हणत होता की तुझं नाव स्वस्त आहे, तेच वापरू. मी त्याला सांगितलं की सॉसेज त्यानेच खावेत.

मंगळवारी संध्याकाळी सरावाला सगळे जमतात. मी अर्धा तास आधी चर्चमध्ये गेले आणि माझी गुंडाळी उलगडली. तोपर्यंत ती पुरी लिहून झाली होती: पाच हजार चाळीस ओळी, पंचवीस मीटर. वेदीच्या पायरीपासून मधल्या वाटेने दारापर्यंत आली, तिथून वळवून परत अर्ध्यापर्यंत न्यावी लागली. उडू नये म्हणून कडेने प्रार्थनेची पुस्तकं ठेवली. दोन ठिकाणी लाल पेन्सिलीने गोल केले.

मंडळी आली ती दारातच थबकली. पाद्रीबुवाही आले, त्यांचं नाव फॉड्री, माणूस मऊ, भांडण म्हटलं की घाबरणारा.

"हे काय आहे, मिस बॉरेट?" त्यांनी विचारलं.

"पील आहे. पाय देऊ नका."

अ‍ॅम्ब्रोज दाराशीच उभा होता. मीच बोलले. "मिस्टर केरिजनी छापलंय की तीन नंबरने पाच नंबरशी जागा बदलली. ठीक. दोन घंटांनी जागा बदलली आणि कुणाला कळलं नाही, तर त्या बदललेल्याच राहतात. मग शेवटी काय वाजेल? एक दोन पाच चार तीन सहा सात. त्या दिवशी शेवटी काय वाजलं?"

मी पर्सीकडे वळले.

"पर्सी, तुला ठोक्यापलीकडचं कळत नाही, तू राहू दे. बाकीच्यांनी सांगा. अख्ख्या गावाने ऐकलंय."

"एक दोन तीन चार पाच सहा सात," दोन नंबरवरचा कटिंग मास्तर पुटपुटला. हा शाळेत गणित शिकवतो, आणि त्याला हे त्या अंकाच्या दिवशीच कळलं असणार, याची मला खात्री आहे.

"मोठ्याने म्हण की."

त्याने मोठ्याने म्हटलं.

"पुन्हा जागेवरही आल्या असतील," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "बदलल्या, मग परत बदलल्या."

"म्हणजे मी दोनदा चुकले? आणि दोन्ही वेळा तुम्हाला ऐकू आलं नाही? मग म्होरक्या कशाला झालात?" मी त्याला लाल गोलापाशी बोलावलं. "इथे वाचा. हा तुमचा कागद आहे, तुमच्या हाका आहेत. यात मी नाही, माझा दोर नाही, माझे बाईमाणसाचे पाय नाहीत. घंटा नसत्या तरी हे खोटंच राहिलं असतं."

तो गुडघ्यावर बसला. सत्तरीचा माणूस, बसताना पर्सीचा हात धरावा लागला. चष्मा लावून त्याने पंचाण्णवावं कडवं वाचलं, मग उठून आकडे शोधत दारापर्यंत गेला, वळला, आणि परत येऊन दोनशे सत्त्याऐंशीवं वाचलं. सगळ्यांना दिसत होतं की तो वाचत नाहीये, त्याला पाठ होतं. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

"चूक मांडणीत आहे," तो शेवटी म्हणाला.

"मांडणी कुणाची?"

"थर्झा, पुरे झालं," पर्सी म्हणाला.

"चला, मिटलं," फॉड्रीसाहेब हात चोळत म्हणाले. "मिस्टर केरिज नवं पत्र लिहितील, आणि आपण सारे हे मागे टाकू. देवाला काही ओळींची मोजदाद लागत नाही."

"देवाला लागत नसेल, साप्ताहिकाला लागते," मी म्हणाले. "पत्रात लिहा की तीन नंबरची घंटा बरोबर होती. आणि चूक कुणी पकडली तेही लिहा, नावासकट. मी एवढंच मागतेय."

अ‍ॅम्ब्रोजने मान हलवली. होय म्हणून हलवली, असं मी धरलं. इतरांनीही तसंच धरलं असणार. त्यांनी मला गुंडाळी करायला मदत केली आणि त्या दिवशी सरावही चांगला झाला.

तीन आठवड्यांनी दोन ओळी आल्या. ऑसिंगफील्डच्या मागे घेतलेल्या पीलबाबत: सदर पील मांडणीतच खोटी असल्याचे लक्षात आले आहे. अ. केरिज.

लक्षात आले आहे. आपोआप, जसं ऊन पडतं तसं. तीन नंबरबद्दल अक्षर नाही. वाचणाऱ्याने आता काय समजायचं? की मांडणीही खोटी होती आणि बाईही चुकली होती. आधी निदान एकच ठपका होता, माणसाने पत्र लिहून मला दोन ठपक्यांत वाटेकरी केलं. चुकीसाठी माझा नंबर चार ओळींत छापला, आणि बरोबर असण्यासाठी त्याला दोन शब्द जड झाले.

मी पुढच्या मंगळवारी गेले नाही. रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्या सोमवारी अ‍ॅम्ब्रोज आला. मी मागच्या अंगणात घेवड्याच्या शेंगा तोडत होते. टोपी हातात घेऊन तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आजारी आहेस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी नवी मांडणी केलीय. कटिंगने तपासली. हवी तर तूही तपास. सप्टेंबरात पुन्हा लावू म्हणतो." मग म्हणाला, "पाटी तशीच ठेवलीय. तारीख तेवढी खरवडून बदलायची. नावं तीच."

बाकीची अक्षरं भरायची राहिली होती, ती तो भरणार होता. हे त्याने मुद्दाम सांगितलं, आणि मला ते कुठे लागेल हे त्याला नीट माहीत होतं. अकरा वर्षं दोर मागायला येणारी बाई त्याने बघितली होती.

"पत्र लिहा," मी म्हणाले.

"दोन लिहिली. तिसरं लिहिलं तर ते हसतील. माझ्या वयाला शोभत नाही, पोरी."

"पहिलं शोभलं?"

तो टोपी फिरवत राहिला. "सप्टेंबरात बरोबर वाजवलंस की लोक विसरतील."

"मी मे महिन्यातही बरोबर वाजवलं होतं, मिस्टर केरिज."

मी शेंगा टोपलीत टाकत राहिले. मग त्याने तो प्रश्न विचारला ज्यासाठी तो खरा आला होता. "येणार नाहीस, तर मी तीन नंबरच्या दोराला माणूस कुठून आणू? टेडला डॉक्टर दोराला हात लावू देत नाही. गावात दुसरं कुणी नाही."

"मग सहा वाजवा आणि मोठी मागे ठेवा."

"सहांत पील कशी होणार?"

"सहांत सातशे वीस क्रम होतात," मी म्हणाले. "पाच हजार चाळीसला सातने भागा. बाकी उरत नाही."

त्याने भागून बघितलं. ओठ हलले, मला दिसले. ज्याने चाळीस वर्षं तो आकडा उराशी धरला त्याला हा भागाकार येत नव्हता असं नाही, पण या बाजूने तो त्याने कधी केला नसावा. माझ्या एका दोराचं वजन त्याला फाटकाशी उभ्या उभ्या कळलं. तीन तासांची पंचवीस मिनिटं झाली.

"एका नावासाठी?" तो म्हणाला.

"हो."

तो टोपी घालून गेला. तिसरं पत्र त्याने लिहिलं नाही, आणि सप्टेंबर कधीच सरला. पाटी त्याच्या कारखान्यात भिंतीकडे तोंड करून उभी आहे, असं पर्सी सांगतो. त्याच्याकडून मी आता परत सॉसेज घेते, पण बोलणं तेवढ्यापुरतंच. लोक म्हणतात बॉरेटबाई हट्टी, बॉरेटबाईने गावची पील अडवली. अडवली तर अडवली. जी पहिली झाली होती ती मी अडवली नव्हती, तिचं पाप मात्र माझ्या नंबरावर आहे, आणि ते पुसायला एका म्हाताऱ्याला शाईचा एक थेंब लागला असता.

परवाच्या रविवारी त्यांनी सहा घंटांवर सगळे क्रम वाजवले. माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. मी बटाटे सोलायचे थांबवून खुर्चीवर बसले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत गेले, म्हणजे कानाने. पंचवीस मिनिटं. सातशे वीस झाले, एकही दुबार नव्हता. कुणी विचारलं असतं तर मी तसं सही करून दिलं असतं.